पुण्यात आपल्या गल्लीचं काम अंदाजपत्रकात आणि विकास आराखड्यात कसं बसवायचं

पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. एवढ्या मोठ्या आकड्यात आपल्या कोपऱ्यावरचा उखडलेला पदपथ कुठे बसतो, हे विचारायला लोक आयुक्तांना पत्र लिहितात, नगरसेवकाला फोन करतात, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतात. तक्रार खरी असते, पण ती चुकीच्या महिन्यात चुकीच्या टेबलावर पोचते आणि तिथेच राहते.

आमच्या भागात अर्ज भरताना, हरकती लिहिताना आणि कामांचा पाठपुरावा करताना एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. काम उभं राहायला जागा पालिकेच्या ताब्यात लागते आणि त्याच वर्षी त्या कामाच्या नावाने तरतूदही लागते. जागा विकास आराखड्यातून, म्हणजे कोणती जमीन कशासाठी राखून ठेवायची (आरक्षण) हे ठरवणाऱ्या शहराच्या नकाशातून येते, पैसा अंदाजपत्रकातून. नागरिक मात्र दोन्हींकडे वेगवेगळं बघतात. मैदानाचं आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहतात आणि भूसंपादनाला पैसेच ठेवलेले नसतात. किंवा उद्यानासाठी तरतूद होते, जागेचा ताबा नसतो, आणि मार्च जवळ आला की ती रक्कम दुसरीकडे वळते. म्हणून या लेखात दोन्ही वाटा एकत्र सांगतो. उदाहरण पुण्याचं असलं तरी कायदे महाराष्ट्राचे आहेत. नाशिक, कोल्हापूर, सोलापूरच्या वाचकांनाही बराचसा भाग लागू पडेल.

पैसा कुणाच्या खात्यातून मागायचा

पालिकेचा स्वतःचा पैसा मुख्यतः मिळकतकर, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि पाणीपट्टी यांतून येतो. २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, आणि २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्य सरकारकडून दरमहा अनुदान येतं. ते दरवर्षी ८ टक्के वाढ धरून देण्याची तरतूद कायद्यातच आहे. या सगळ्या पैशातून काय करायचं हे बऱ्याच अंशी पालिका ठरवते, त्यामुळे नागरिकांचा जोर चालतो तो इथेच.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी तसा नाही. दहा लाखांवरच्या शहरांना २०२१ ते २०२६ या काळात तो हवेची गुणवत्ता, पाणी, घनकचरा आणि स्वच्छता अशा ठरलेल्या कामांसाठीच दिला गेला. त्यातून बागेतली बाकडी मागून उपयोग नाही. पाण्याचा किंवा कचऱ्याचा प्रश्न असेल, तर मात्र अर्जात ‘हे काम वित्त आयोगाच्या निधीत बसते’ एवढं एक वाक्य घालावं. फाईल पुढे सरकवायला अधिकाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

नगरसेवकाच्या हातातली प्रभागातली कामं म्हणजे पुण्याच्या भाषेत ‘स’ यादी. आमदाराला आणि खासदाराला वर्षाला प्रत्येकी ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. ते काम सुचवतात, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समितीही नगरविकासाच्या योजनांना पैसा देते. छोट्या नगरपालिकांची बरीच कामं त्यावरच उभी राहतात. दिव्यांगांसाठी स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. तो कुठे खर्च झाला, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

आणखी एक बारीक पण फार कामाची माहिती. पुण्यात १२ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यांची कामं क्षेत्रीय कार्यालय बघतं, त्याहून रुंद रस्ते पथ विभागाकडे. गल्लीतल्या खड्ड्यासाठी पथ विभागाचे उंबरे झिजवले तर ते क्षेत्रीय कार्यालयाकडे बोट दाखवतात, आणि मुख्य रस्त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर उलट. अर्ज लिहिण्याआधी रस्त्याची रुंदी विचारून घ्या.

नागरिकांचा सहभाग: पाच लाखांपर्यंतची कामं

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये लोकसहभागाचं अंदाजपत्रक सुरू झालं. पुण्याने २००६-०७ पासून आपल्या पद्धतीने ते आणलं. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, अलीकडे ऑनलाइनही भरता येतो. साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुदत जाहीर होते. कधी मुदतवाढ मिळते, कधी नाही. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पदपथ, पथदिवे, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पावसाळी गटार, बाकडी, कचरा वर्गीकरणाची सोय, अशी कामं त्यात बसतात. सोसायटीच्या आवारातलं काम बसत नाही.

पुण्यात या कामांवर लोकांचं मतदान होत नाही. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात छाननीला जातात, अभियंते अंदाज काढतात, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि तिथून मुख्य अंदाजपत्रकात. आपला अर्ज का गळला, हे सहसा कळवलं जात नाही. ही या योजनेतली मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी. तोवर उपाय एकच: छाननी करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवू नये.

अर्ज असा लिहा

बहुतेक अर्जांत मजकूर असतो: ‘आमच्या भागातील पदपथ अत्यंत खराब झाले असून ते त्वरित दुरुस्त करावेत.’ यावरून अभियंत्याला ना जागा कळते, ना खर्च काढता येतो. अर्ज बाजूला पडतो.

त्याऐवजी असं लिहा:

‘प्रभाग क्र. __, __ रस्ता, बसथांब्यापासून मनपा शाळेच्या फाटकापर्यंत, डाव्या बाजूचा पदपथ. लांबी अंदाजे ६० मीटर, रुंदी १.५ मीटर. पेव्हिंग ब्लॉक उखडले आहेत, दोन ठिकाणी चेंबरची झाकणे पदपथाच्या वर आली आहेत, शाळेच्या फाटकापाशी उतार नाही. काम: जुने ब्लॉक काढून नवीन बसवणे, चेंबर समपातळीत घेणे, दोन्ही टोकांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार करणे. जागा मनपाच्या ताब्यात आहे. सोबत चार छायाचित्रे व हाताने काढलेला नकाशा.’

मोजमाप टेपने घ्या, पावलांनी नको. ६० गुणिले १.५ म्हणजे ९० चौरस मीटर. अभियंता त्याला दरसूचीतला, म्हणजे डीएसआरमधला दर लावतो, वर चेंबरचं काम आणि जीएसटी धरतो. दरसूची बघायला मिळते. स्वतः एकदा हिशेब करून बघा. आकडा पाच लाखांच्या वर जात असेल तर काम सलग न मागता दोन टप्प्यांत मागा: पहिला टप्पा बसथांब्यापासून मंदिरापर्यंत, दुसरा मंदिरापासून शाळेपर्यंत. दोन वेगळे अर्ज करा आणि प्रत्येक टप्पा एकट्याने उपयोगी पडेल असा ठेवा. फक्त दुसऱ्याच टप्प्याला पैसे मिळाले तरी लोकांना चालता आलं पाहिजे.

जागेचा मुद्दा सगळ्यात नाजूक. दिसायला सार्वजनिक वाटणारा कितीतरी रस्ता कागदोपत्री अजून खासगी मालकाच्या नावावर असतो. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा, पालिकेकडून झोन दाखला (आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे याचा दाखला) घ्या. थोडा खर्च येतो, पण ‘जागा ताब्यात नाही’ हा शेरा पडून पूर्ण वर्ष वाया जाण्यापेक्षा तो परवडतो.

एकाच कामासाठी वीस जणांनी वेगवेगळ्या भाषेत अर्ज केले तर ती वीस वेगळी कामं वाटतात. मजकूर एक, सह्या वीस, असंच करा. वस्तीतल्या बायकांना आधी विचारा. पथदिवा नेमका कुठे हवा आणि स्वच्छतागृहाची कोणती कडी मोडली आहे, हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं. त्यांच्याकडे अर्ज भरायला वेळ नसतो, म्हणून त्यांची कामं यादीत येत नाहीत आणि बोलक्या सोसायट्यांची बाकडी येतात. अर्ज भरून द्यायला कुणीतरी वस्तीत जावं लागतं.

अर्ज दिला की पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत म्हणजे पोच. ‘ठेवा इथे, बघतो’ म्हणजे नव्हे.

तरतूद झाली, आता पुढे

आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती त्यात भर घालते आणि मार्चअखेरपर्यंत मुख्य सभा ते मंजूर करते. मार्च २०२२ नंतर बराच काळ पुण्यात लोकनियुक्त सभागृह नव्हतं आणि हे सगळे अधिकार प्रशासकाकडे होते. अंदाजपत्रकाची पुस्तकं पालिकेच्या संकेतस्थळावर येतात. नागरिकांच्या सहभागाच्या कामांची यादी क्षेत्रीय कार्यालयाप्रमाणे शोधा, आपल्या कामाचं नाव, रक्कम आणि बजेट कोड लिहून घ्या. यापुढचं प्रत्येक पत्र त्या कोडने सुरू करा. कोड लिहिलेला असला की समोरचा माणूस संगणकावर बघून उत्तर देतो.

छापलेली तरतूद म्हणजे झालेलं काम नव्हे. त्यानंतर पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) एवढ्या पायऱ्या असतात. जूनपर्यंत पूर्वगणनपत्रक झालं का ते विचारा. पावसाळ्यात खोदाई होत नाही, पण कागद हलवायला पाऊस आडवा येत नाही. दिवाळीच्या आसपास कार्यारंभ आदेश निघालेला असावा. निवडणुकीचं वर्ष असेल तर आचारसंहितेचा काळ धरून सगळं आधी उरकायला सांगा. निविदा एकदा आचारसंहितेत अडकली की वर्ष गेलंच समजा.

जानेवारीपासून खरा धोका सुरू होतो, त्याचं नाव वर्गीकरण. ज्या कामांची तरतूद वापरली गेली नाही, तिथली रक्कम मान्यता घेऊन दुसऱ्या कामाला वर्ग केली जाते. नियमात ते बसतं, कधी गरजेचंही असतं. पण सहभागाच्या यादीतलं पाच लाखांचं काम कुणाच्याच प्रतिष्ठेचं नसल्याने सगळ्यात आधी तेच हलतं. म्हणून डिसेंबरमध्येच लेखी विचारा: ‘बजेट कोड __ ची तरतूद वर्ग करण्याचा प्रस्ताव आहे काय?’ असं पत्र कागदावर असलं की रक्कम वर्ग करताना अधिकारी दोनदा विचार करतो.

काम सुरू झालं की जागेवर जा. खाली खडीचा थर दाबून घेतला का, ब्लॉक किती जाडीचा, चेंबर वर आलं की पुन्हा बुजलं, हे बघा आणि तारखेसह फोटो काढा. दोषदायित्वाचा कालावधी किती, हे कार्यारंभ आदेशात असतं. त्या मुदतीत ब्लॉक खचले तर ठेकेदाराने विनामोबदला दुरुस्त करायचे असतात. पदपथ खचला की लोक नवं काम मागतात आणि एकाच जागेवर दोनदा पैसा जातो. आधी जुनी मुदत तपासा.

उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. ‘का झाले नाही’ असं विचारू नका. मोजमाप पुस्तिकेची प्रत, बिलाची प्रत, वर्गीकरणाच्या ठरावाची प्रत मागा. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं बघू द्यावीत, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. तुमच्या कार्यालयात ते कसं चालतं हे जाण्याआधी विचारून घ्या. फाईल समोर ठेवून बघितली की नेमकी कोणती प्रत मागायची ते कळतं.

शहर वाढतं कसं: विकास आराखडा

पुण्याची हद्द १९९७ मध्ये वाढली, २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. गाव हद्दीत आलं म्हणजे मिळकतकर लगेच येतो. रस्ता, शाळा, दवाखान्याची जागा मात्र आराखडा मंजूर झाल्याशिवाय ठरत नाही. मधल्या काळात प्लॉटिंग होतं, इमारती उभ्या राहतात, आणि पुढे रस्ता टाकायला जागाच उरत नाही. गावातून आलेल्या वाचकांनी आराखड्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते यासाठी.

आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे होतो. आधी इरादा जाहीर होतो, मग आजच्या जमीनवापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा. प्रारूप प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ, अशी तिची रचना. नंतर आराखडा राज्य सरकारकडे मंजुरीला जातो, आणि वीस वर्षांत एकदा तरी त्याची उजळणी व्हायची असते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८० हजारांवर हरकती आल्या. २०१५ मध्ये सरकारने तो पालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मुंबईचा २०१५ चा प्रारूप तर इतका चुकीचा निघाला की सरकारने मागे घ्यायला लावला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तिथल्या नागरिकांनी जमीनवापराच्या नकाशातल्या चुका एकेक करून दाखवल्या होत्या. हरकतींनी फरक पडतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पुण्यात टेकड्यांवरचं ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं, त्यामागेही वर्षानुवर्षं नकाशे घेऊन बसलेले नागरिक होते. जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही आणि तोही न्यायाचाच प्रश्न आहे.

हरकत अशी लिहा

तीस दिवस फार थोडे असतात. पहिल्या आठवड्यात नकाशाची आपल्या भागाची शीट आणि अहवाल मिळवा. नकाशाखालची रंगसूची आधी वाचा. आपला सर्व्हे नंबर शोधा, त्यावर टाकलेला आरक्षण क्रमांक टिपा आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा.

हरकतीत चार गोष्टी असाव्यात: नकाशात काय दाखवलं आहे, जागेवर काय आहे, काय हवं, आणि पुरावा. नमुना असा:

‘शीट क्र. __, स. नं. __ मधील आरक्षण क्र. __ “प्राथमिक शाळा” प्रारूपात वगळून निवासी दाखवले आहे. जागा मोकळी आहे (छायाचित्र सोबत). दोन किलोमीटरच्या परिसरात दुसरी मनपा शाळा नाही (नकाशा सोबत). आरक्षण कायम ठेवावे. सुनावणीची संधी मिळावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणीला काही मिनिटंच मिळतात. नकाशा मोठा छापून न्या, बोट ठेवून दाखवा, भाषण नको. छापील एकसारख्या हजार हरकतींचा दबाव निर्माण होतो, हे खरं. पण समितीच्या अहवालात शेरा लिहिला जातो तो सर्व्हे नंबर आणि पुराव्यावर. दोन्ही करा.

मंजुरीनंतरही बदल होत राहतात. कायद्याच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलायचं झालं तरी हरकती मागवाव्या लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. प्रभागातल्या दोन-तीन जणांनी ती बघायची जबाबदारी वाटून घ्यावी.

दहा वर्षांचं घड्याळ

आरक्षणाची जमीन पालिका रोख मोबदला देऊन घेऊ शकते, टीडीआर (रोख पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घेऊ शकते, किंवा समावेशक आरक्षणातून मालकाला काही बांधकाम करू देऊन उरलेला भाग पदरात पाडून घेऊ शकते. यातलं काहीच झालं नाही तर कलम १२७ लागू होतं. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं आणि जागा आजूबाजूच्या वापरासाठी मोकळी होते. कायद्याने मालकाला दिलेला हा रास्त हक्क आहे. दोष पैसे न ठेवणाऱ्या पालिकेचा.

पुण्याचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात नव्याने टाकलेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. म्हणून प्रत्येक प्रभागाने मैदानं, शाळा, दवाखाने, भाजी मंडई यांच्या आरक्षणांची यादी करावी आणि प्रत्येकासाठी माहिती अधिकारात एवढंच विचारावं: ‘आरक्षण क्र. __ ची जागा मनपाच्या ताब्यात आहे काय? असल्यास ताबा पावतीची प्रत द्यावी. नसल्यास भूसंपादन प्रस्तावाची सद्यस्थिती आणि कलम १२७ ची नोटीस आली असल्यास तिची प्रत द्यावी.’

नोटीस आलेली आरक्षणं यादीत सगळ्यात वर घ्या आणि तारीख मोजायला लागा. त्यांच्यासाठी पाच लाखांचा सहभागाचा अर्ज कामाचा नाही. अंदाजपत्रक आयुक्तांच्या टेबलावर तयार होत असतं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, भूसंपादनाच्या तरतुदीत त्या आरक्षणाचं नाव आणि क्रमांक घालण्याची मागणी लेखी द्या. प्रत नगरसेवकाला आणि स्थायी समितीला. मालक टीडीआर घ्यायला तयार आहे का, हेही विचारून त्या पत्रात लिहा. तो तयार असेल तर रोख पैशाची अडचण जागेवरच सुटते.

ज्या जागांचा ताबा आधीच आला आहे, त्यांच्यासाठी कुंपण आणि फलक हे पहिलं काम मागा. ते पाच लाखांत बसतं आणि अतिक्रमण रोखतं. खेळाचं साहित्य, झाडं, पायवाट पुढच्या वर्षीच्या अर्जात.